मदत हवी आहे : १९५५ च्या गोवा सत्याग्रहातल्या आजोबांची नोंद शोधायची आहे

नमस्कार मंडळी. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवरून गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींमध्ये होते. हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी सरळ गोळ्या झाडल्या, त्या दिवशी वीसहून अधिक माणसं गेली. आजोबा वाचले, पण डाव्या दंडावर गोळी चाटून गेल्याची खूण शेवटपर्यंत होती. लहानपणी मी त्या खळग्यावर बोट ठेवून बघायचो.

घरात आता फक्त बांद्याहून आजीला पाठवलेलं एक पोस्टकार्ड उरलंय. "उद्या पहाटे निघू, काळजी नसावी" एवढंच वाचता येतं, बाकीची शाई उडाली आहे. तुकडी पुण्याहून निघाली होती, हे आजीला पक्कं आठवतं. तुकडीप्रमुख कोण, ते नाही.

पुण्यातल्या गोवा विमोचन सहायक समितीची कागदपत्रं, सत्याग्रहींच्या याद्या आज कुठे बघायला मिळतील? पणजीच्या पुराभिलेखागारात कोणी काम केलंय का? तिथे पोर्तुगीज पोलिसांचे कागद सामान्य माणसाला बघू देतात का? 'केसरी'चे ऑगस्ट १९५५ चे अंक कुठे चाळता येतील, तेही सांगा.

पेन्शन, सवलत काही नकोय. आजोबांनी स्वतः कधी अर्ज केला नाही. आजी नव्वदीकडे झुकलीय, तिला त्यांचं नाव छापलेलं एकदा दाखवायचंय. तुमच्या घरातलं कोणी त्या तुकड्यांत असेल तर जरूर लिहा.