ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटन, वर्ल्डकपला इंग्लंड: टीमचं नाव आणि झेंडा ठरवतं कोण?

खानापूरकर_सर
नमस्कार मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत खेळाचा तास घेतो. २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनासाठी पोरांकडून झेंड्यांचा तक्ता करून घेतोय. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, सर, २०२४ ला पॅरिसला आपण हॉकीत शूटआउटवर हरवलं ते ग्रेट ब्रिटन, आणि २०२३ च्या वर्ल्डकपला राउरकेल्यात ०-० झाली ती इंग्लंडशी, मग झेंडा कुठला काढू? दुसरा लगेच म्हणाला वेस्ट इंडीज तर देशच नाही, त्याचा झेंडा आला कुठनं? हे सगळं सरकार ठरवतं का खेळाची संघटना? पोरांना पटेल असं सांगा, अर्धवट उत्तर त्यांना चालत नाही.

टिळकवाडी_एंड
सर, बऱ्याच वेळा संघटना. फुटबॉलचंच घ्या, इंग्लंडची संघटना १८६३ ची, स्कॉटलंडची १८७३ ची, आणि फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, निघाली १९०४ ला. इंग्लंड-स्कॉटलंड पहिली आंतरराष्ट्रीय मॅच तर ग्लासगोला १८७२ मध्येच झाली होती. म्हणजे फिफाचा पत्ता नव्हता तेव्हापासून ही मंडळी आपापल्या नावाने खेळतायत, म्हणून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड चौघं वेगवेगळे मेंबर. ऑलिम्पिकमध्ये मात्र या चौघांचा मिळून जो ब्रिटन देश, त्याची समिती एकच, म्हणून तिथे ब्रिटनचा झेंडा, युनियन जॅक. कॉमनवेल्थ गेम्सला परत चार टीम.

आपल्याकडे पण बघा की, रणजीला एका महाराष्ट्रातनं मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशा तीन टीम, गुजरातेतनं बडोदा, सौराष्ट्र, गुजरात. ही दोन्ही राज्यं झाली १९६० ला, टीम त्याच्या आधीपासून रणजी खेळत होत्या, मग त्या कोण कशाला मोडेल.

वेस्ट इंडीज म्हणजे कॅरिबियनमधल्या बऱ्याच देशांची मिळून एक टीम. ताडाचं झाड आणि स्टंप असलेला तो झेंडा क्रिकेट बोर्डाचा आहे, कुठल्या देशाचा नाही. म्हणून २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला महिला क्रिकेटमध्ये वेस्ट इंडीज नव्हतीच, त्यातल्या बार्बाडोस बेटाची टीम खेळली. तक्त्यावर झेंड्याखाली स्पर्धेचं नाव लिहायला लावा, मुलीचा प्रश्न बरोबर सुटतो.

निपाणीची_तालीम
वरचं सगळं मान्य, पण नुसतं संघटना म्हणून सोडून देऊ नका मर्दा, जिथं माणसांचं आपसात जमत नाही तिथं झेंडा म्हणजे फार अवघड काम असतंय. युरोपातला बोस्निया घ्या. तिथलं आपसातलं युद्ध संपलं, पण बोस्नियाक, सर्ब, क्रोएट या तिन्ही समाजांचं एका झेंड्यावर एकमत होईना, शेवटी तिथं नेमलेल्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीने १९९८ च्या फेब्रुवारीत स्वतःच झेंडा ठरवून टाकला, कारण जपानमधल्या नागानोचं विंटर ऑलिम्पिक तीन दिवसांवर आलं होतं. राष्ट्रगीताला तर आजही शब्द नाहीत, नुसती चाल वाजते. जर्मनीचं पण तसंच, पूर्व आणि पश्चिम जर्मनी दोन वेगळे देश होते, तरी १९६० आणि ६४ च्या ऑलिम्पिकला एकच टीम, तिरंगी पट्ट्यांवर पांढऱ्या ऑलिम्पिक रिंगा आणि राष्ट्रगीताच्या जागी बीथोव्हेनचं संगीत. दोघांनाही आपलं सोडायला लागलं तेव्हा एकत्र उभारले.

आणि सर, क्रीडा दिन ध्यानचंदांच्या वाढदिवसाचा, तर पोरांना हे सांगाच. १९२८, ३२, ३६ ची आपली हॉकीची तिन्ही सुवर्णं ब्रिटिश इंडियाच्या झेंड्याखाली आली. १९३६ ला बर्लिनमध्ये फायनलच्या आधी आपल्या टीमने ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला आणि मग मैदानात जाऊन जर्मनीला ८-१ ने हरवलं. हे वाचताना अजून अंगावर काटा येतो.

अनगोळची_ताई
मला आयर्लंडचं सगळ्यात आवडतं. बेटाचा उत्तरेकडचा भाग ब्रिटनमध्ये, बाकीचा स्वतंत्र आयर्लंड देश, पण रग्बीला आणि क्रिकेटला टीम एकच. रग्बीवाल्यांनी १९९५ पासून वेगळं गाणंच करून घेतलं, म्हणजे उत्तरेतल्या बेलफास्टचा आणि आयर्लंडमधल्या डब्लिनचा पोरगा एकाच ओळीत उभा राहून म्हणू शकेल असं. नॉर्दर्न आयर्लंडच्या खेळाडूंना ऑलिम्पिकला ग्रेट ब्रिटनकडून जायचं का आयर्लंडकडून ते निवडता येतं, गोल्फचा रोरी मॅकिलरॉय आयर्लंडकडून खेळला.

कर्नाटकातल्या आपल्या मराठी सीमाभागातल्या पोरांना असं निवडता येत नाही. घरात मराठी, तालमीत मराठी, पण नोंदणी इथल्या संघटनेत म्हणून नॅशनलला कर्नाटकच्या जर्सीत. माझा भाऊ कबड्डी खेळायचा तेव्हा दोन्हीकडनं बोलणी खायचा, कर्नाटकातले म्हणायचे तू महाराष्ट्राचा, महाराष्ट्रातले म्हणायचे तू कर्नाटकासाठी खेळतोस. मला तेव्हा पण वाईट वाटायचं आणि आज पण वाटतं. पोरगं घाम गाळून तिथवर पोचतं, ते कुठल्या भाषेत आईशी बोलतं हे जर्सीवरनं ठरवू नका.

खानापूरकर_सर
ताई, हे मी वर्गात वाचून दाखवणार. आमच्या शाळेतली दोन पोरं यंदा जिल्ह्याला खेळतायत, त्यांना उपयोगी पडेल. सगळ्यांचे आभार. आता पोरांचा पुढचा प्रश्न, २०२८ ला लॉस एंजेलिसला क्रिकेट आहे, तिथं वेस्ट इंडीजचं काय होणार?

टिळकवाडी_एंड
त्या नावाने येता येणार नाही सर, ऑलिम्पिकमध्ये जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद यांच्या समित्या वेगवेगळ्या आहेत. पुरुषांच्या टीम पण सहाच, महिलांच्या सहाच. म्हणजे गेलीच तर त्यातलं एखादं बेट जाणार, आणि बाकीच्या बेटांवरचे प्लेअर घरी बसून बघणार. दोनदा टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकलेली टीम आहे ती, मला तर हे अजिबात पटत नाही. इंग्लंड पण तिथं ग्रेट ब्रिटन म्हणूनच उतरेल.