मोठ्या खड्याची अंगठी: तीन आवडल्यात, एकच घ्यायचीय

शाईचा डाग

मला दागिन्यांचं वेड असं कधी नव्हतंच. पण हल्ली एक ठसठशीत, हातघडणीची, मोठ्या खड्याची अंगठी हवीशी झालीय. टेबलावर हात ठेवला की आधी अंगठी दिसावी आणि मग मी, इतकी मोठी. आणि ती रोज घालायची आहे. कपाटात जपून ठेवायला नकोय.

माझं काम भाषांतराचं, म्हणजे दिवसभर कीबोर्ड. बोलताना हात फार हलतात. बोटं आखूड, मधले सांधे जाड. सांध्यावरून जाईल अशी अंगठी घेतली की ती खाली गेल्यावर सैल होते आणि खडा तळहाताकडे वळतो. (जाहिरातीतले हात कायम लांबसडक असतात, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.)

एका कारागिराकडे तीन तयार अंगठ्या बघून ठेवल्यात, तिन्ही चांदीच्या. पहिली लॅब्राडोराइटची: खडा राखाडी, पण हात कलला की आतून निळं पेटतं. लंबगोल, साधारण २० बाय १५ मिमी, वरून घुमटासारखा गुळगुळीत, भोवती चांदीची सलग कड. दुसरी मॅलाकाइटची, हिरव्यात हिरवी वळणं, माप आणि घडण तीच. तिसरी अॅमेथिस्टची, खड्याला पैलू पाडलेले आणि तो चार नख्यांत, म्हणजे खडा धरणाऱ्या चांदीच्या आकड्यांत, चांगला उंच बसवलेला.

माझं मन मॅलाकाइटवर आहे. कारागीर म्हणतो तिन्ही टिकतील. आता तो तसं म्हणणारच. रोज वापरणाऱ्यांनी किंवा बनवणाऱ्यांनी सांगा, यातली कुठली घ्यावी, आणि घेताना हातात धरून नेमकं काय बघावं?

रंगवेडी

मॅलाकाइट घ्या की! मन तिकडे आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग आम्हाला कशाला विचारता? मोठी अंगठी हा हिशेबाचा मामला नाहीच मुळी. मी लॅपिसची, म्हणजे निळ्या खड्याची, घालते, तिच्यावर चरे पडलेत, मला ते आवडतात. दुसरी 'टिकाऊ' म्हणून घेतलेली अंगठी एकदाही मनापासून घातली नाही.

फुकणी

रंगवेडी, तुमच्या चऱ्यांबद्दल आदर आहे, पण मॅलाकाइट चऱ्यांवर थांबत नाही. सविस्तर लिहितो. चांदीत खडे बसवणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे मत थोडं कडक वाटेल.

कठीणपणा मोजायला मोह्‌स नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८१२ साली एक ते दहाची उतरंड लावली, ती आजही वापरतात. वरचा खालच्यावर चरा पाडतो, एवढाच तिचा अर्थ. अॅमेथिस्ट म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, तो सातवर. लॅब्राडोराइट सहा ते साडेसहा. मॅलाकाइट साडेतीन ते चार. आता टेबलावर बसलेली धूळ घ्या. तिच्यात क्वार्ट्झचे बारीक कण असतात, म्हणजे धूळसुद्धा सातची. सातच्या खालचा कुठलाही खडा कोरड्या फडक्याने रोज पुसलात तर तुम्ही तो रोज थोडा थोडा घासताय. लॅब्राडोराइटला हे दिसायला बराच काळ जातो. मॅलाकाइटचं पॉलिश मात्र लवकर मंद होतं. त्यात तो तांब्याचा कार्बोनेट. आम्लाशी त्याचं वैर. आंबट काही चिरलं, घाम आला, तेवढ्यानेही वरची चकाकी उतरते. पेंडंटमध्ये मॅलाकाइट सुरेख, कारण गळा कशावर आपटत नाही. रोजच्या अंगठीत मी तो बसवून देत नाही. गिऱ्हाईक हटूनच बसलं तर कड खड्यापेक्षा किंचित उंच ठेवून देतो, आणि तेही कुरकुरत.

पण नुसता आकडा बघून खडा निवडू नका. टोपाझ आठवर आहे, तरी त्याला एक अशी दिशा असते की तिथे नेमका ठोका बसला तर तो सरळ दुभंगतो. उलट नेफ्राइट जेड साडेसहाच्या वर जात नाही, पण त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की तो फोडता फुटत नाही. चरा पडणं आणि फुटणं ही वेगळी दुखणी आहेत. तुमच्या लॅब्राडोराइटलाही फुटण्याच्या दिशा आहेत, म्हणून त्याच्याभोवती सलग कड आहे हे फार चांगलं. अॅमेथिस्टला तशी दिशा नाही. तो बिचारा सोशिक. फक्त उन्हात महिनोन्महिने ठेवला तर जांभळा रंग फिका पडतो.

मग अॅमेथिस्ट घ्या, असं मी म्हणेन असं वाटलं असेल. नाही. तुमचं काम कीबोर्डचं, हात हलते, आणि ती अंगठी उंच आहे. पैलूंचा खडा खाली निमुळता होत जातो. ते टोक बोटाला टोचू नये म्हणून अख्खा खडा वर उचलावा लागतो. उंच अंगठी खिशात अडकते, बाहीच्या लोकरीत अडकते, दाराच्या कडेला लागते, आणि नख्या अशाच वाकतात. सपाट बुडाचा घुमटाकार खडा बोटाला चिकटून बसतो. आडव्या पसरलेल्या अंगठीपेक्षा उभी वर आलेली अंगठी जास्त त्रास देते, हे लोकांना घरी गेल्यावर कळतं.

वजनाचंही बघा. २० बाय १५ चा, ८ मिमी उंचीचा घुमट धरला तर लॅब्राडोराइट साधारण साडेतीन ग्रॅम भरतो आणि तेवढाच मॅलाकाइट पाच ग्रॅमच्या आसपास. खड्याचं वजन वर आणि खाली पट्टी (बोटाभोवतीचं कडं) बारीक, की अंगठी फिरणारच. तुमचा खडा तळहाताकडे वळतो तो सगळा सांध्याचा दोष नाही. खालची पट्टी जरा रुंद आणि जाड हवी. इतक्या मोठ्या खड्याला दीड मिमीपेक्षा पातळ चांदी मी तरी धरत नाही, कारण ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध) मुळात मऊ आणि पातळ पट्टी मुठीच्या दाबानेही लंबगोल होते. जाड सांध्यासाठी एक जुनी युक्ती: पट्टीच्या आत, तळाशी, चांदीचे दोन छोटे मणी झाळून घ्यायचे. सांध्यावरून जाताना थोडं दाबतात, खाली गेल्यावर बोटाच्या दोन्ही बाजूंना टेकून अंगठी जागेवर धरतात. किंवा पट्टीचा तळ गोल न ठेवता सपाट करून घ्यायचा.

हातात धरून काय बघायचं? अंगठी कानाशी नेऊन नखाने टिचकी मारा. खडखड आली तर खडा सैल. मग थोडा कापूस कडेवरून फिरवा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे उद्या स्वेटर अडकेल. कडेवर हातोडीच्या पुसट खुणा असतील तर हरकत नाही, हातघडण आहे, पण कड खड्याला सगळीकडे टेकलेली पाहिजे. खाली बूड बंद असेल तर आत काय भरलंय ते विचारा. खडा उंच यावा म्हणून काही जण आत लाकडाचा भुसा भरतात. त्यात पाणी गेलं की भुसा फुगतो आणि खडा वर रेटतो. आणि खडा नुसत्या गोंदावर तर नाही ना, हेही विचारा. खरा कारागीर रागावणार नाही.

लॅब्राडोराइटची गंमत राहिलीच. तो निळा झोत एकाच बाजूने दिसतो. अंगठी घालून हात कीबोर्डवर ठेवल्यासारखा धरा आणि बघा. मग अंगठी काढून उलटी फिरवून घाला, म्हणजे मनगटाकडची बाजू नखांकडे. एका बाजूने झोत तुम्हाला दिसेल, दुसऱ्या बाजूने समोरच्याला. कुणासाठी घालताय ते तुम्ही ठरवा.

माझं मत पहिल्या अंगठीला.

शाईचा डाग

बाप रे, फुकणी, इतकं सविस्तर! मॅलाकाइटचा मोह अर्ध्यावर उतरला. उरलेल्या अर्ध्यासाठी पेंडंट.

झोताचं वाचून लगेच जाऊन बघून आले. आत्ता आहे तशी घातली तर झोत समोरच्याला दिसतो आणि मला नुसता राखाडी दगड. उलटी घातली की टाइप करताना निळं चमकतं. मी उलटीच घालणार. भुशाचंही विचारलं. त्याने खाली चांदीचा पत्राच बसवलाय म्हणतो, आणि विचारल्यावर रागावला नाही.

आता दोन शंका. कुठल्या बोटात घालू? आणि माप कसं देऊ? त्याच्या सुट्या कड्यांनी घेतलेलं माप आणि मी घरी कागदाच्या पट्टीने घेतलेलं माप जुळत नाहीये.

तळ्यात मळ्यात

बोटाबद्दल मी सांगते, कारण मीही आखूड बोटांची. सगळे म्हणतात आखूड बोटांनी लहान अंगठी घालावी. मला हे पटत नाही. लहान अंगठीने आखूड बोट आणखी बारकं, बापुडवाणं दिसतं. लंबगोल खडा बोटाच्या लांबीच्या दिशेने असला की बोट लांब वाटतं. अट एकच, खडा पुढच्या सांध्यावर चढायला नको. २० मिमी म्हणजे आखूड बोटात काठावरचं माप आहे. घालून घट्ट मूठ वळा, पेन उचला, हात खिशात घाला. मूठ पूर्ण वळली नाही तर बोट बदला.

माझी पसंती तर्जनीला. तिला एक बाजू मोकळी असते, त्यामुळे मोठ्या खड्याची शेजाऱ्याशी घासाघीस होत नाही. मधलं बोट दिसायला रुबाबदार, पण दोन्हीकडून कोंडी. आणि ज्या हाताने लिहीत नाही त्या हातात घाला. शिवाय एकच. त्या हातात दुसरी अंगठी असली की दोघी एकमेकींना घासत राहतात आणि मऊ असते ती हरते.

फुकणी

तर्जनीबद्दल थोडा मतभेद. अंगठा आणि तर्जनी मिळून दिवसभर सगळं उचलतात, म्हणून तिथल्या अंगठीची पट्टी आतून लवकर झिजते. पण शाईचा डाग कीबोर्डवाल्या आहेत, हातोडीवाल्या नाहीत, तर चालेल. न लिहिणाऱ्या हाताचं मात्र बरोबर.

माप कागदाने घेऊ नका. कागद ताणला जातो, तिरका बसतो, आणि बारीक पट्टीचं माप रुंद अंगठीला लागूच पडत नाही. पट्टी जितकी रुंद तितकी ती बोटाला जास्त आवळते. ८ मिमीच्या वरच्या पट्टीला आतला परीघ एक-सव्वा मिमीने वाढवावा लागतो, कधी कधी अडीचनेही. त्याच्याकडे रुंद कड्यांचा वेगळा संच असेल तर त्यावरच माप द्या. नसेल तर तयार अंगठीच घालून बसा, हे उत्तम. सकाळी थंड हाताने माप देऊ नका, तेव्हा बोटं आकसलेली असतात. दुपारनंतर, हात गरम असताना द्या. सांध्यावरून जाताना थोडी अडायला हवी, निघताना थोडं वळवून काढावी लागली पाहिजे. ज्या बोटात घालायची त्याच बोटाचं माप, कारण दोन हातांची तर्जनीसुद्धा सारखी नसते.

माप बदलायचं असेल तर खडा बसवण्याआधी सांगायला हवं होतं, पण तुमची तयार आहे. झाळायला सातशे अंशांच्या आसपास आच लागते आणि ती खड्याजवळ नेणं धोक्याचं. खडा काढून मगच कर, किंवा लेझरने जोडणाऱ्याकडून करून घे, असं त्याला स्पष्ट सांगा. मणीही तेव्हाच बसवून घ्या.

रंगवेडी

मी हरले, ठीक आहे. पण माझ्या लॅपिसचं काय करू? चांदी काळी पडलीय. बाटलीतल्या द्रावणात बुडवू?

फुकणी

अजिबात नको! त्या द्रावणात आम्ल असतं. लॅपिस, पिरोजा, मॅलाकाइट, मोती, यांतलं काहीही त्यात गेलं की पृष्ठभाग खराब होतो. शिवाय नक्षीत मुद्दाम ठेवलेला काळेपणाही धुऊन जातो. चांदी पुसायचं कापड मिळतं ते घ्या, फक्त चांदीवर फिरवा, खड्यावर नको. खड्याला ओलसर मऊ फडकं, मग लगेच कोरडं टिपून घ्यायचं. अत्तर, क्रीम, सगळं आधी लावून घ्या आणि अंगठी शेवटी घाला. भांडी घासताना, यंत्रावर काम करताना, कशाला लटकून उडी मारायची असेल तर काढून ठेवा. यात खड्याची काळजी दुय्यम आहे. अंगठी अडकून बोटाची कातडी सोलवटून निघते, तसे अपघात होतात.

शाईचा डाग

तर्जनी, डावा हात, उलटी. परवा दुपारी माप द्यायला जातेय. खडा आधी काढायला सांगितलंय, तो थोडा कुरकुरला, पण हो म्हणाला.