शब्दचर्चा: मेथडिस्टांचा ‘होलिनेस’ मराठीत कसा आणावा?

वाटसरू: अठराव्या शतकातल्या इंग्लंडवरचा लेख मराठीत आणतोय. अँग्लिकन धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या अनुयायांची, म्हणजे मेथडिस्टांची, ओळख ‘होलिनेस’मधून घडली, असा मुद्दा आहे. ‘पवित्रता’ गुळगुळीत वाटतं. ‘सोवळेपणा’ चालेल?

ओवी: मुळीच नाही! सोवळ्यात माणूस शिवाशिव टाळतो. वेस्ली 1739 साली ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचनं देऊ लागला. त्याच वर्षीच्या स्तोत्रसंग्रहाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की ‘सोशल होलिनेस’ सोडून दुसरा होलिनेसच नाही. हल्ली लोक त्यातून समाजसुधारणा काढतात. पण वेस्लीचा रोख एकांतात मोक्ष शोधणाऱ्यांवर होता. म्हणजे ‘संगतीतलं पावित्र्य’.

बारभाई: आणि ही संगत हिशेबातून उभी राहिली. 1742 मध्ये मेथडिस्टांच्या ब्रिस्टलमधल्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर सभासदाकडून आठवड्याला एक पेनी घ्यायचं ठरलं. साधारण बारा जणांमागे एक वसुली करणारा. तो घरोघर फिरू लागला तसं कोण पितो, कोण बायकोशी भांडतो, हेही कळायला लागलं. वेस्लीने तीच रचना उचलली: दर आठवड्याला ‘क्लास’ची, म्हणजे अशा बारा-एक जणांच्या गटाची, बैठक, एकमेकांची विचारपूस, कानउघाडणीसुद्धा. वागणूक बरी असेल तर दर तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट; नसेल तर नाव कमी. माझ्या मते ओळख घडली ती इथे. बहुतेक जण अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच जात होते, त्यांना वेगळं ठरवणारी खूण हे तिकीट.

वाटसरू: मग वेस्लीच्या शिकवणीतल्या ‘पर्फेक्शन’ला ‘परिपूर्णता’?

ओवी: वाचकाला वाटेल, हे स्वतःला निर्दोष समजत. वेस्लीच्या लेखी अज्ञान, विसराळूपणा, चुकीचा अंदाज शेवटपर्यंत राहणारच. जाणूनबुजून पाप करण्याची ओढ मात्र सुटू शकते. स्वतःला ते साधलंय असा दावा त्याने केला नाही. त्याचा लंडनचा अनुयायी जॉर्ज बेल याने केला, वर 28 फेब्रुवारी 1763 ला जग बुडेल असंही सांगितलं. त्या दिवशी वेस्लीला लोकांची समजूत काढत प्रवचन द्यावं लागलं. ‘पूर्ण प्रीती’ लिहा, तो स्वतः प्रेमाचीच भाषा वापरतो.

बारभाई: ‘सँक्टिफिकेशन’साठी, म्हणजे माणूस पवित्र होत जाण्यासाठी, मराठी बायबलातलं ‘पवित्रीकरण’ आहेच, नवं काही घडवू नका.

वाटसरू: ठीक. ‘पवित्रीकरण’ आणि ‘पूर्ण प्रीती’ घेतो. ‘होलिनेस’ला ‘पवित्र आचरण’, आणि तिकिटावर एक परिच्छेद वाढवतो.