मदत हवी आहे: लंडनमध्ये एका दिवसात तीन म्युझियम, आईला घेऊन

आईला घेऊन लंडनला जातोय. शुक्रवार पूर्ण मोकळा आहे. सकाळी साऊथ केन्सिंग्टनला नॅचरल हिस्ट्री, समोरच व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), आणि दुपारनंतर ब्रिटिश म्युझियम, असा बेत आहे. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, म्हणून ते शेवटी. तिथली अमरावतीची (आंध्रातल्या बौद्ध स्तूपाची) शिल्पं आईला बघायचीच आहेत, बाकी काही राहिलं तरी चालेल म्हणते.

अडचण प्रवासाची. ट्यूबच्या (मेट्रोच्या) पिकॅडिली लाइनने साऊथ केन्सिंग्टन ते होबर्न (ब्रिटिश म्युझियमजवळचं स्टेशन) थेट जाता येतं, पण होबर्नला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे सरकत्या जिन्यालाही घाबरतात. त्यापेक्षा बस बरी का? कुठली, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ धरावा? जवळच्याच रसेल स्क्वेअर स्टेशनला लिफ्ट आहे, पण तिथेही थोड्या पायऱ्या लागतात असं वाचलं. कुणी वयस्कर माणसांना घेऊन तिथे उतरलंय का?

ट्यूब-बसच्या भाड्यासाठी दोघांना वेगवेगळं कार्ड लागतं हे माहीत आहे. बॅगा तपासायच्या रांगेत दुपारी फार वेळ जातो का, तेवढं सांगा. तिन्ही जमणार नसतील तर कुठलं गाळू? (माझं मत नॅचरल हिस्ट्री, पण डायनासोरसाठी मीच हट्ट धरलाय.)