‘सत्यकाम’ राहून गेला की!

‘गोलमाल’ आणि ‘चुपके चुपके’ पाहून झाले, आता हृषीदांचं (दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींचं) पुढे काय बघू, या कुणीतरी विचारलेल्या प्रश्नावर ‘बावर्ची’, ‘खूबसूरत’ ही नावं आलीच आहेत. पण ‘सत्यकाम’ (१९६९) कुणीच कसा सुचवला नाही?

गंमत बघा, त्यांचे विनोदी सिनेमे बहुतेक एका खोटेपणावर उभे असतात. ‘गोलमाल’मध्ये रामप्रसाद (अमोल पालेकर) उसना आणलेला आखूड कुर्ता घालून मुलाखतीला जातो आणि त्या आखूडपणालाच काटकसर म्हणून खपवतो. मुलाखत घेणारे उत्पल दत्त विरघळतात! ‘चुपके चुपके’त वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक (धर्मेंद्र) ड्रायव्हर होऊन शुद्ध हिंदीने ओम प्रकाशला पिडतो. आपण मात्र कायम थापाड्याच्याच बाजूने.

‘सत्यकाम’मध्ये तोच धर्मेंद्र खोटं बोलायचंच नाही म्हणून बसलेला अभियंता आहे, आणि त्यापायी नोकऱ्या, संसार, सगळ्याची फरफट होते. शेवट सांगत नाही. धर्मेंद्र फक्त मारामारीचा हिरो असं वाटणाऱ्यांनी तर बघाच. (मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.)

‘नरम गरम’मध्ये पुन्हा पालेकर आणि उत्पल दत्त आहेत, पण ‘गोलमाल’ची सर नाही. सवडीने पाहिला तरी चालेल.