चेंबरलेनचा पाव डॉलर: यात लुबाडलं कोणी?

पैशापासरी:
समजा, तुम्हाला पटेल तशी, हवं तर अगदी समसमान, संपत्तीची वाटणी केली. मग बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा खेळ बघायला दहा लाख लोकांनी तिकिटामागे पाव डॉलर खुशीने त्याच्यासाठी जास्तीचा मोजला. त्याच्याकडे अडीच लाख जमले, समानता मोडली. अन्याय कुठे झाला? अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली विचारलेला हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. वाटणीचा साचा टिकवायचा तर राजीखुशीच्या व्यवहारांत सरकारला सतत नाक खुपसावं लागेल.

काठावरचा:
चेंबरलेनने उंची कमावली होती का? तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतो, अंगचे गुण आणि घराणं ही जन्माची सोडत. आपण कुठे जन्मणार हे ठाऊक नसताना, अज्ञानाच्या पडद्याआड नियम करायला बसलो, तर तळातल्याचंही भलं होईल तेवढीच विषमता चालवून घेऊ. आणि नाक खुपसायचं कशाला? कर आधीच ठरलेला असतो, तो माहीत असूनच गडी मैदानात उतरतो.

पैशापासरी:
उंची कमावली नाही म्हणून ती सामाईक कशी झाली? उद्या माझ्या दुसऱ्या मूत्रपिंडावरही हक्क सांगाल! शिवाय पडद्याआडचा माणूस इतका भित्रा का? फक्त सर्वात वाईट शक्यता धरून कोण चालतं? सगळ्यांच्या हिताची सरासरी बघा, हे अर्थतज्ज्ञ हरसान्यीने १९७५ मध्येच सुनावलंय.

काठावरचा:
मूत्रपिंड सुखरूप आहे. रॉल्सकडे मूलभूत स्वातंत्र्यं आधी, वाटणी नंतर. आणि सरासरी शंभर डाव खेळणाऱ्याच्या कामाची. इथे डाव एकच.

उलटतपासणी:
दोघंही चेंबरलेनच्या खिशात अडकलात. नोझिकची इमारत मूळ मालकी न्याय्य असण्यावर उभी आहे. खाली बळकावलेल्या जमिनी आणि गुलामी निघाली तर? तो जुने अन्याय भरून काढायचं, दुरुस्तीचं तत्त्व सांगतो, तपशील मोकळाच सोडतो. गंमत म्हणजे तोच सुचवतो की जुन्या अन्यायांचा हिशेब लागत नसेल, तर तळातल्या गटाची स्थिती शक्य तितकी सुधारेल अशी व्यवस्था हा ढोबळ नियम ठरू शकेल. मागच्या दाराने रॉल्सच आला की!

पैशापासरी:
‘काही काळापुरतं’ हे सोयीने गाळलंत. पापांची शिक्षा म्हणून समाजवाद आणणं अती होईल, असंही तो तिथेच म्हणतो.

उलटतपासणी:
गाळलं, कबूल. पण तो काळ संपला हे ठरवायचं कसं? हिशेब लागत नाही म्हणूनच तर ढोबळ नियम आला होता.