मदत हवी आहे: लंडनच्या जुन्या पबमध्ये आईबाबांना जेवायला न्यायचंय

जूनमध्ये आईबाबा आणि भाचा (वय १७) लंडनला येत आहेत. बाबांना अस्सल जुना इंग्लिश पब बघायचाय, तिथली एल (पारंपरिक इंग्लिश बिअर) प्यायचीय आणि तिथेच जेवायचंय. बाबा चिकन-मासे खातात, बीफ-पोर्क नाही. आई शाकाहारी, अंडं चालतं, पण प्राण्यांची चरबी नको. ऑर्डर कशी द्यायची, आईने काय खायचं, भाच्याला आत घेतात का आणि पब कुठला निवडावा, हे जाणकारांनी सांगावं. एल कोमट असते असंही ऐकलंय, ते खरं का?

खलबत्ता

वेटर टेबलापाशी येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. 'रिझर्व्ह्ड'चं कार्ड नसलेलं कुठलंही टेबल धरायचं, त्यावरचा नंबर बघून ठेवायचा. मग एकानेच बारवर जाऊन पेयं आणि जेवण दोन्ही सांगायचं, नंबर द्यायचा, पैसे तिथेच भरायचे. ग्लास आपण घेऊन यायचे, ताटं टेबलावर येतात. बारवर रांग दिसत नाही, पण ती असते. कोण कोणाच्या आधी आलं यावर बारवाल्याची नजर असते आणि गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक असतं. तुम्हाला चुकून आधी विचारलं तर शेजारच्याकडे हात दाखवा, त्याला फार बरं वाटतं. कार्ड हलवणं, हाका मारणं टाळा. बारवर टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर येऊन ऑर्डर घेणाऱ्या पबात मात्र बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेलं असू शकतं. ते बहुधा ऐच्छिक असतं.

आता जेवण. इथे नावं फसवतात, म्हणून सविस्तर लिहितो. स्टेक अँड एल पाई म्हणजे बीफ. कॉटेज पाई बीफची, शेफर्ड्स पाई मटणाची. मटण खात असतील तर बाबांना शेफर्ड्स पाई चालेल, पण रस्सा कशाचा आहे ते विचारा. बँगर्स अँड मॅशमधले सॉसेज बहुतेक वेळा पोर्कचे. स्कॉच एग दिसायला उकडलेलं अंडं, पण त्याभोवतीचं आवरण पोर्कच्या खिम्याचं असतं. बाबांसाठी सरळ उत्तर फिश अँड चिप्स: कॉड किंवा हॅडॉक, सोबत मशी पीज म्हणजे शिजवून घोटलेले वाटाणे. मात्र काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडे, तळणीला बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईची चरबी वापरतात. प्रश्न एकच विचारायचा: तळण तेलात आहे की ड्रिपिंगमध्ये?

आईंसाठी प्लाउमन्स लंच चांगलं: जाड चेडर, पाव, गोडसर-आंबट पिकल, व्हिनेगरमधला कांदा, सफरचंद. हॅम नको म्हणून सांगा, काही ठिकाणी त्यात घालतात. चेडरसाठी प्राण्याचं रेनेट (चीज करताना दूध साकळवणारा पदार्थ) वापरलेलं नाही ना, हेही विचारा. शाकाहारी रेनेटचं चेडर इथे सहज मिळतं. चिप्स मागवलेत तर मासे त्याच कढईत तळतात का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. मेन्यूवर 'व्ही' (शाकाहारी) असलं तरी कढई वेगळी असेलच असं नाही.

रविवारी गेलात तर सगळीकडे संडे रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि भाज्या. त्यातलं यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. अंडी, मैदा, दुधाच्या पातळ पिठाचा तो फुगलेला खोलगट पाव. परंपरेने ते कडकडीत बीफ ड्रिपिंगमध्येच ओततात. भाजलेले बटाटेही बऱ्याचदा बीफ किंवा बदकाच्या चरबीतले. म्हणून आईंना नट रोस्ट (सुक्यामेव्याची भाजलेली वडी), व्हेज ग्रेव्ही, आणि बटाटे कशात भाजलेत ही चौकशी. रोस्टसाठी टेबल आधी राखून ठेवा, दुपारी चारनंतर मांस संपत आलेलं असतं.

पब उघडा म्हणजे स्वयंपाकघर उघडं, असं नसतं. बऱ्याच ठिकाणी जेवण दुपारी १२ ते अडीच आणि संध्याकाळी ६ ते ९. काही पबांत सोमवारी चूलच पेटत नाही.

तळघर

एलबद्दल. ती कोमट नसते, गार असते: तळघराचं तापमान, ११ ते १३ अंश. ४ अंशांवरची लागर (आपल्याकडची नेहमीची बिअर) पिणाऱ्याला ती कोमट वाटणारच. पण फार गार केली की माल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) भाजका गोडवा आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवटपणा जिभेला कळत नाही, म्हणूनच ती तशी देतात.

बाबांना बारवरचे उंच लाकडी दांडे दाखवा. तोच हातपंप, त्यातून येते ती कास्क एल. शेजारच्या छोट्या तोट्यांमधून येते ती केगमधली, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली, वायूच्या दाबावर चढलेली बिअर. कास्कमध्ये यीस्ट जिवंत असतं आणि दुसरं आंबवण पिंपातच होतं. नेहमीचं पिंप फर्किन, ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट. ते आडवं ठेवतात, वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू निघून जातो. गाळ खाली बसायला साधारण एक-दोन दिवस देतात, मगच तोटी लावतात.

खरी मेख पुढे आहे. बिअर उपसली की तिच्या जागी हवा आत शिरते. पहिल्या दिवशी चव खुलते, तीन दिवसांच्या पलीकडे ती सपाट, मग आंबट होते. म्हणून रिकाम्या पबात सहा हातपंप दिसले तर मला शंका येते. भरलेल्या पबातले दोन पंप केव्हाही चांगले. "सगळ्यात जास्त कुठली खपतेय?" हे बारवर विचारणं अजिबात गैर नाही. घोटभर चवीला मागितली तरी देतात. पंपावरची नावाची पट्टी उलटी फिरवलेली असेल तर ती एल संपलीय.

पाइंट ५६८ मिली, हाफ २८४. बाबांना हाफ सांगा, म्हणजे दोन प्रकार चाखता येतील. सुरुवात बिटर (तांबूस, कडवट एल) किंवा बेस्ट बिटरने करा, ३.५ ते ४.५ टक्के, आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या जवळपास निम्मी. लंडनमध्ये फुलर्सची लंडन प्राइड सहज मिळते, ससेक्समधली हार्वीज सापडली तर सोडू नका. दांडा दोन-तीन लांब, सावकाश ओढींत खेचतात. भरताना ग्लास ढगाळ दिसतो, मग बारीक बुडबुडे वर चढतात आणि एल तळाकडून निवळत तांबूस होते. तेवढं थांबा. दक्षिणेत वर फेसाची पातळ साय असते. उत्तरेत तोटीला बारीक भोकांची जाळी लावून दाट फेस काढतात. ग्लासवर पाइंटची रेघ नसेल तर माप काठापर्यंतचं असतं. फेस जास्त आणि बिअर कमी वाटली तर "टॉप अप, प्लीज" म्हणायचं, मुकाट भरून देतात. व्हिनेगरचा वास आला तरी एक घोट घेऊन लगेच परत न्या, बदलून मिळते. अर्धा ग्लास संपवून नेऊ नका.

आईंनी घेतली नाही तरी हे सांगतोच. एल निवळायला आयसिंग्लास घालतात, आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तसं. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाचं जे बोत महाग विकलं जातं, तोच अवयव. ते गाळाबरोबर खाली बसतं, पण कडक शाकाहारी माणसाला हे कळायला हवं. पंपावरच्या पट्टीवर 'अनफाइन्ड' (न निवळवलेली) किंवा 'व्हीगन' लिहिलेली एल त्याशिवायची. ती थोडी धुरकट दिसू शकते, खराब नसते.

सायली_ठाणे

भाच्याबद्दल. दारू विकत घेण्याचं वय १८. पण १६-१७ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासोबत, टेबलावर जेवताना बिअर, वाइन किंवा साइडर प्यायला इंग्लंडच्या कायद्यात मुभा आहे, त्या मोठ्या माणसाने विकत घेतली तर. पब नाही म्हणू शकतो, तो त्यांचा हक्क. त्याने स्वतः बारवर मागू नये. पंचविशीच्या आतल्या दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारतात. मूळ पासपोर्ट ठेवा, आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. संध्याकाळी उशिरा काही पब मुलांना घेत नाहीत, दुपार उत्तम.

साइडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, त्यात एलइतकीच किंवा जास्त दारू असते. आईंना लाइम अँड सोडा किंवा एल्डरफ्लॉवर (फुलांचं सरबत) सांगा. जिंजर बीअर बहुधा बिनदारूची, पण दारूचीही मिळते, म्हणून विचारून घ्या. नळाचं पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कढईचं आणि आयसिंग्लासचं डोक्यातही नव्हतं. आता पब सुचवा. बाबांचे गुडघे दुखतात, जिने कमी हवेत. शिवाय मी गाडी घेऊन येऊ का?

खलबत्ता

गाडी नको. गाडी चालवणाऱ्यासाठी इंग्लंडची मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, भारतात ३०. आकडा मोठा दिसला तरी किती प्यायल्यावर ती ओलांडली जाईल हे माणसामाणसावर असतं. ट्यूबने (लंडनच्या मेट्रोने) या.

फ्लीट स्ट्रीटवरचा ये ओल्ड चेशायर चीज प्रसिद्ध आहे, १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. पण आत अरुंद, उभे जिने आणि ठेंगणी छतं, गुडघ्यांना त्रासच. त्यापेक्षा साउथवर्कचा द जॉर्ज इन. १६७७ मध्ये पुन्हा उभारलेली घोडागाड्यांची सराई, आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या मालकीची. चौकाच्या बाजूने लाकडी सज्जे आहेत, बाबांना वाड्याची आठवण होईल. जूनमध्ये चौकातच बाकांवर बसता येतं, जिना चढायलाच नको. लंडन ब्रिज स्टेशनपासून चालत पाच मिनिटं.

ब्रिटिश म्युझियम बघणार असाल तर लॅम्ब्स कॉन्ड्युइट स्ट्रीटवरचा द लॅम्ब. तिथे बारवर डोळ्यांच्या उंचीला नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा अजून आहेत. व्हिक्टोरियन काळात पिणाऱ्याचा चेहरा बारवाल्याला दिसू नये म्हणून त्या बसवत.

तळघर

जॉर्ज नक्की केलंत तर गुरुवार-शुक्रवारची संध्याकाळ टाळा. ऑफिसं सुटली की चौकात उभं राहायलाही जागा नसते. मंगळवार किंवा बुधवारी बाराच्या ठोक्याला पोचा. आणि बारवर तळणाचा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा, ऑर्डर आत गेली की बदलणं त्यांना जड जातं.